अकरा वाजून दहा

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, संध्याकाळी सहाला,
ग्रिम्सबीच्या गोदीजवळ, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत
आम्ही सहा मानसशास्त्रज्ञ जमतो.
शेजारचं मासे धुरावायचं घर बंद पडून नऊ वर्षं झाली,
भिंतींना अजून ते कुणी कळवलेलं नाही.
हीटर एकच. तो ज्याच्या पायाशी,
त्याने उठून चहा करायचा.

नावं घ्यायची नाहीत.
म्हणून आमच्यात एक बोटवाला असतो,
दर मंगळवारी छत्री विसरणारी,
म्हणजे पुन्हा येणार असं न बोलता सांगणारी एक बाई असते,
आणि टेंडाईकडचा एक मुलगा,
जो तीन महिने फक्त बुटाच्या नाडीशी बोलतो आहे.
सल्ला द्यायचा नाही, हा दुसरा नियम.
तो आम्ही दर वेळी मोडतो.

वर्षाअखेरी फॉर्म भरायचा असतो:
किती तास, काय शिकलात, कामात काय फरक पडला.
उत्तराचा चौकोन एवढासा,
त्यात माणूस घडी घालूनही मावायचा नाही.

ग्वेंडा रश्बी चोवीस वर्षं येते आहे.
ती केस आणत नाही, आल्याची बिस्किटं आणते.
मी इथे नवी, माझी पहिली केस हातातून गेली त्या रात्री
तिने शहाणपणाचं अक्षर काढलं नव्हतं.
आपल्या डब्यातलं मुरलेलं बीट माझ्या ताटलीत वाढलं,
आणि मी जांभळ्या तोंडाने रडले.
कमळजामधला ळ तिला कधीच जमला नाही.

काल म्हणाली, "आज माझ्याकडे एक आहे.
बाई. वय एकाहत्तर. एकटी राहते.
शब्द निसटतात, ओल्या साबणासारखे.
गेल्या आठवड्यात एका माणसाला विचारलं, आई आहे का.
वारली, म्हणाला.
वीस मिनिटांनी पुन्हा विचारलं.
त्याने पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा हळू,
माझीच कीव आल्यासारखं."

'माझीच' म्हणाली,
आणि फर्गसचा चमचा कपात थांबला.

तिने पिशवीतून कागद काढला.
हाताने काढलेलं घड्याळ. अकरा वाजून दहा.
ही चाचणी आम्ही इतक्या जणांची घेतली आहे
की झोपेतसुद्धा गुण देऊ.
जहाज कललं की खलाशी एका कठड्याशी लोटले जावेत
तसे सगळे आकडे उजवीकडे.
काटा एकच, तोही आकड्यापर्यंत न पोचलेला.

पुस्तकात शांततेला नावं आहेत, उपयोग आहेत.
ही त्यातली नव्हती.

फर्गसने घसा खाकरून नियमावली आठवली:
काम करण्याची पात्रता, कळवण्याची जबाबदारी.
सगळं बरोबरच होतं. त्याचे कान लाल झाले होते.
"म्हणून तर इथे आणलं," ग्वेंडा म्हणाली,
"घरी आरशाला दाखवलं.
आरशाने मला पास केलं."

मग काम निघालं.
सोमवारची तिघं टेंडाईकडे, ती हो म्हणाली तर.
पत्रं फर्गस लिहील, सही तीच करेल.
मेमरी क्लिनिकला सोबत कोण, यावर जुंपली.
वाटणीत भांड्यांवरून भांडतात ना, तसंच,
फक्त प्रत्येकाला जड भांडं आपल्याकडे हवं होतं.
माझ्याकडे तो माणूस आला,
ज्याची आई एका तासात दोनदा वारली.

घरी आल्यावर फॉर्म उघडला.
तास: दोन.
काय शिकलात: 'घड्याळ' लिहिलं. खोडलं.

त्याआधी मी तिला क्लीथॉर्प्सला सोडलं होतं.
रस्ता तिनेच सांगितला, एकही वळण चुकलं नाही.
फाटकापाशी उतरली, बिस्किटांचा रिकामा डबा काखेत धरून,
किल्ली शोधली, सापडली,
आणि वळून म्हणाली, "जपून जा, कमलजा."

तोच ल. चोवीस वर्षांतला नाही, माझ्या अकरा वर्षांतला,
सगळा जागच्या जागी चुकलेला.
मी गाडी सुरू करायची राहून गेले.