डोव्हर की हल

रविवारी लेथ गप्प असतो तेव्हा
उद्यमनगरातल्या शेडमध्ये हे नकाशा पसरतात.
चार कोपऱ्यांवर चार नट,
मधे चहाचा कप,
कपाच्या बुडाचा गोल डाग नेमका जर्मनीवर.

सन्मती लीड्सहून गाडी देणार आहे,
जूनमधले बारा दिवस.
पुढं आमचं आम्ही, नॉर्वेपर्यंत.
"स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडं," हे सांगतात,
"फक्त समुद्र ओलांडला की
समोरचं सगळं जग चुकीच्या बाजूनं येतं."
इलाही शिकलगार बर्र पुसता पुसता विचारतो,
"अण्णा, बोटीत हँडब्रेक लावायचा व्हय?"

डोव्हरहून पाणी दीड तासाचं.
पण डोव्हर पार खाली दक्षिणेला,
म्हणजे रत्नागिरीला जायचं म्हणून आधी बेळगाव गाठायचं.
हल जवळ. पण पाणी रात्रभर:
संध्याकाळी गाडी बोटीच्या पोटात घालायची,
सकाळी रॉटरडॅमला काढायची.

करूळ बंद असला तर भुईबावडा,
तोही खचला असला तर फोंडा,
अगदीच नाही तर आंबा.
कोकणातल्या गिऱ्हाइकाला पंपाच्या बॉड्या पोचवत
ह्यांचं निम्मं आयुष्य घाट निवडण्यात गेलं.
समुद्राला घाट नसतो
हे अजून त्यांना मनातून पटलेलं नाही.
बोट ठेवून ठेवून उत्तर समुद्र मळला आहे.

माझी आणि बोटीची ओळख दोनदाच.
एकदा जयगडला, गाडीसकट पलीकडं तवसाळला जाताना.
खाडी केवढी, पण तेवढ्यात
रेलिंगला धरून सकाळची आंबोळी परत केली.
दुसऱ्यांदा पुराच्या साली, शिरोळात.
रबरी बोटीतनं आईला काढलं.
तिच्या मांडीवर शेजाऱ्यांचं शेरडू,
आणि ती त्या वर्दीतल्या पोराला विचारत होती,
तिकीट किती बाळा?

म्हणून मी म्हटलं, दीड तासाची बघा.
ओकायचंच तर दीड तास ओकू.

हे बोलले नाहीत.
रॅकच्या खालून एक कास्टिंग ओढून काढलं,
गंजलेलं, व्हॉल्व्हची बॉडी.
सन्मती बालवाडीत होती तेव्हाची ऑर्डर.
दोनशे चाळीस नग, जहाजासाठी.
एकात ब्लोहोल निघालं, तेवढंच परत आलं.
बाकीचे रॉटरडॅमच्या गोदीत उतरले,
पिवळ्या पावतीवर एवढंच आहे.
पुढं कुठल्या जहाजात बसले, बसले की भंगारात गेले,
कोण सांगणार.
ह्यांनी भोकात बोट फिरवलं,
बोअर अजून गुळगुळीत,
आणि कास्टिंग परत आत सरकवलं.

बरं, हल.

राहिला माझा नेम.
दिवस मावळायच्या आत जेवायचं, चाळीस वर्षं झाली.
सन्मती फोनवर हसते: आई, बोट साडेआठला सुटते,
तेव्हा डेकवर ऊन असतं.
आणि नॉर्वेत वर वर गेलीस
तर मावळतच नाही.
मग काय रात्री बाराला जेवू, नेमात बसतंय म्हणून?
महाराजांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही.
मनगटावर कोल्हापूरचं घड्याळ ठेवीन.
इथं सातला मावळला की लीड्सला दुपारचे अडीच.
अडीचच्या आत माझं ताट पुसलेलं.
पुढं सूर्यानं काय करायचं ते करावं.

केबिन दोन प्रकारच्या.
खिडकीवाली महाग.
हे पाकीट चाचपत म्हणाले, घेऊ या, तुला बरं वाटेल.
मी म्हटलं, खिडकी नको.
खालची मिळते का बघा, मशीनच्या जवळची.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
मग जर्मनीवरचा डाग अंगठ्यानं घासून पाहिला.
जात नाही.
"हॅम्बुर्गला," म्हणाले, "बायपास असंलच की."