बर्फवाले: हंगाम १९४३-४४

वडिलांच्या वहीत डाव्या पानावर बर्फ,
उजव्या पानावर हॉकी.
लाद्या किती निघाल्या, मासळीला किती गेल्या, वाटेत किती वितळल्या,
आणि समोर: रेल्वेविरुद्ध दोन-शून्य,
गोल झेफेरिन, गोल झेफेरिन.
पंच पाद्री मिनेझिस, उत्तरार्धात पेंगत.

वास्कोच्या धक्क्यामागे होता तो कारखाना.
मालक हौशी: ज्याला स्टिक धरता येते त्यालाच नोकरी.
सामन्यामागे रुपया,
जिंकलात तर वर अर्धी लादी.
गावात त्यांना 'पगारी' म्हणत,
थोडं नाक मुरडून, बरंचसं हेव्यानं.
बायणापर्यंत चालत नेली की अर्धीची पाव उरायची,
ती पोरं आळीभर चाटत फिरायची.

लढाई आमची नव्हती.
तसं पत्रकच होतं, चर्चच्या दाराला डकवलेलं,
पोर्तुगाल तटस्थ आहे म्हणून.
बर्म्याच्या तांदळाला मात्र कुणी वाचून दाखवलं नसावं.
तो यायचाच थांबला.

ऑक्टोबरात मैदान वाळलं तेव्हा
बंदरात दोन मोठी जहाजं शेजारी शेजारी उभी होती,
कैद्यांची अदलाबदल चालली होती:
इकडचे तिकडे, तिकडचे इकडे, मधे आमचे हमाल.
त्यातला एक हाडकुळा कॅनडावाला
पाणी मागायला कारखान्यात शिरला.
भिंतीला टेकवलेल्या स्टिक पाहून तो हसायला लागला,
हसता हसता खालीच बसला.
मग उठून एक स्टिक घेतली
आणि ओल्या फरशीवर बर्फाची ढलपी अशी काही पळवली
की झेफेरिननं टोपी काढली.
आमच्याकडे बर्फावर उभं राहून खेळतात, तो म्हणाला,
अख्खं तळं गोठतं.
वडिलांना वाटलं, उपासानं भ्रमलाय.
त्याला गूळ दिला.
रात्री घरी मात्र त्यांनी आईला दोनदा विचारलं:
उभं राहायचं? त्याच्यावर?
आपल्याकडे तर तो घरापर्यंत पोचत नाही.

पहिला गेला मिंगेल, लेफ्ट आउट, झेफेरिनचा धाकटा.
तारवटी झाला, इंग्रजांच्या बोटीवर बॉयलरपाशी,
पगार चौपट.
'मिंगेल, बोटीवर.'
'काझमिर, बोटीवर.'
'इनास, बोटीवर. स्टिक परत केली.'
पुढे वडील नाव लिहून नुसती बोटीसारखी एक रेघ काढत.

अकराचे नऊ झाले, नवाचे आठ.
आठांनी मडगावकरांना बरोबरीत रोखलं,
गोलात वडील, चष्म्यासकट.
डाव्या पानावरही खाडे दिसतात:
कोळसा नाही, यंत्र बंद. कोळसा नाही.
जिंकलो तर लादी ऐवजी चिठ्ठी,
'अर्धी लादी देणे आहे.'
अशा नऊ चिठ्ठ्या अजून वहीत आहेत.

फेब्रुवारीत, रेल्वेविरुद्धच्याच सामन्यात,
एक-शून्यनं मागे, चार मिनिटं उरलेली,
शॉर्ट कॉर्नर मिळाला.
पोस्टाचा शिपाई रेषा ओलांडून सरळ मैदानात आला.
पाद्री मिनेझिस जागे होते, पण शिटी वाजली नाही.
तार इंग्रजीत होती.
वडिलांना त्यातलं नाव तेवढं वाचता आलं
आणि ते त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही.
झेफेरिननं तार घेतली, चार घड्या घातल्या,
मोज्यात खोचली.
म्हणाला, चेंडू द्या.

मी तेव्हा सात वर्षांची, कुंपणाच्या तारेवर चढलेली.
मी पाहिलंय: चेंडू खांबाच्या हातभर बाहेरून गेला,
पार खारफुटीत.
रेल्वेचा गोलरक्षक जागचा हललाही नव्हता.
कुणी काही बोललं नाही, रेल्वेवालेही नाहीत.

वडील पैशाचा हिशेब चुकला तर
रात्र रात्र कंदील जाळायचे.
त्या दिवसाचं पान उघडलं
की शाई थोडी फुटलेली आहे,
अक्षर नेहमीचंच, कारकुनी, सरळ:

एक-एक.
गोल झेफेरिन.