वरचा खण

पोस्टाच्या मागे त्यांचं ऑफिस. तीन टेबलं,
भिंतीवर काउंटीचा नकाशा, कॉफी फुकट.
मी गेले होते फक्त ओघळीचं विचारायला:
हार्लन होता तेव्हा ती उडी मारून ओलांडायचो,
आता आत वासरू उभं राहिलं तर दिसत नाही.
आमची टेकडी थोडी थोडी करून
मिसिसिपीकडे निघाली आहे.

टेबलामागचा पोरगा, कोंगमेंग थाओ, म्हणाला, उद्या येतो.
आणि आला.
(येतो म्हणणारे विस्कॉन्सिनात पुष्कळ.)
फावडं, रंगीत झेंड्यांची जुडी,
डब्यात आजीने दिलेला चिकट भात.
तासभर काही बोलला नाही, उतार चालत राहिला,
आजाऱ्याच्या उशाशी बसून
कुणी आधी नुसता श्वास मोजावा तसा.

मग म्हणाला, अर्लिसबाई, रागावणार नसाल तर विचारतो.
घरात पांढरी सुती चड्डी आहे का?

एकाहत्तर वर्षांत
सरकारी माणसाने मला हे विचारलं नव्हतं.

हार्लनला जाऊन तीन वर्षं. वरचा खण मी उघडला नव्हता.
घड्या त्याच्याच हातच्या, नौदलात शिकलेल्या,
कोपऱ्याला कोपरा.
दोन काढल्या.
खण लोटताना नेहमीच्या जागी अडकला.

एक पुरली मक्याच्या रानात,
जे वेंडेल रूड खंडाने कसतो.
दुसरी कुंपणापलीकडे, कुरणाच्या कोपऱ्यात,
जिथे खडक वर आलाय म्हणून
हार्लनच्या आजोबांनीही नांगर घातला नाही.
वीतभर खोल. वर एक निळा झेंडा, एक केशरी.
दोन महिने, कोंगमेंग म्हणाला.

चर्चमध्ये कुणाला सांगितलं नाही.
रूडने ट्रॅक्टर थांबवून विचारलं, झेंडा कसला?
म्हटलं, पाइपलाइन.

ऑगस्टात निळ्या झेंड्याशी खणलं.
चड्डी निघाली अख्खी, जराशी मळकट.
खळबळून दोरीवर टाकली असती
तर हार्लनने सोमवारी घातली असती.
फावडंभर मातीत एक गांडूळ नाही.
ढेकूळ पेल्यातल्या पाण्यात सोडलं,
पिठासारखं पसरलं.

केशरी झेंड्याशी नुसतं इलॅस्टिक.
कमरेचा गोल, शिवणीचा एक दोरा,
त्याला बिलगलेली पांढरी मुळं.
बाकी सगळं फस्त.
जिवंत मातीला भूक असते, तो म्हणाला,
आणि लगेच ओशाळला,
कारण मी ते इलॅस्टिक हातात धरून
बराच वेळ उभी होते.

हार्लन चर्चमागे आहे, ओकच्या पेटीत.
तिथली माती कशी आहे
हे मी त्याला विचारलं नाही.

कागद सतरा पानांचे. अर्धा खर्च काउंटीचा, अर्धा माझा.
ओघळीच्या जागी गवताचा रुंद पट्टा,
उताराला आडवी पेरणी, मका निघाला की राय.
'केलंच पाहिजे' असं तो एकदाही म्हणाला नाही.
जमीन तुमची, म्हणाला, आणि भात खात बसला.

रूडशी मात्र मलाच बोलावं लागलं.
टोपी न काढता तो दारात उभा:
हार्लनने कधी अडवलं नव्हतं.
मी आत गेले. ती अख्खी चड्डी आणून
टेबलावर ठेवली. कोपऱ्याला कोपरा.
ही हार्लनची, म्हटलं. तुझ्या रानातून निघाली.
तो तिच्याकडे बघत राहिला.
मग टोपी काढली. कॉफी मागितली.

सगळं सुरळीत झालं असं नाही.
एप्रिलच्या पावसात अर्धं गवताचं बी वाहून गेलं,
कोंगमेंग पुन्हा पिशवी घेऊन आला,
चूक कुणाची ते दोघांनीही काढलं नाही.
ओघळ अजून आहे. पण वासराचे कान दिसतात.

काल स्वेनुंगसनबाई आल्या, पलीकडच्या खोऱ्यातल्या,
पाय मॅटवर पुसत राहिल्या उगाच.
अर्लिस, म्हणाल्या, आमचे हे सगळं नायलॉनचंच घालतात.
तुझ्याकडे अजून उरल्यात का गं?

सहा आहेत.
खण अडकतो तिथे जरा वर उचलावा लागतो.