एक जून

नायनांचा वाढदिवस एक जूनला असतो,
कारण शाळेतल्या मास्तरांनी तो तिथे ठोकून दिला.
खरी तारीख विचारली तर म्हणतात,
‘त्या साली गड्ड्यात पाळणा तुटला होता.
त्यानंतर कधीतरी.’
यंदा सत्तर. निदान कागदावर.

केक करायचा ठरवला. कॉफीचा.
त्यांच्या चार वाजताच्या कॉफीसारखा:
खाली काळं डिकॉक्शन, मध्ये दूध, वर फेस.
ढवळण्याआधी ते क्षणभर पेल्यात बघतात,
तेवढाच क्षण मला करायचा होता,
कापून ताटलीत ठेवता येईल असा.

फिल्टर रात्रीच भरला.
पावडर दाबायची चकती कधीची हरवलीय,
तिच्या जागी लोणच्याच्या बाटलीचं झाकण.
रात्रभर थेंब पडत राहिला, थेंब,
अंधारात कुणी बिनघाईनं
सूत मोजत बसल्यासारखा.

सकाळी दहालाच पारा चाळीशीला टेकला.
लोणी बाहेर काढून वळले, तोवर ते ओघळलेलं.
ओव्हन राजेश्वरी बिटलाकडून मागून आणलेला;
त्याचं दार पूर्ण मिटत नाही,
फटीत टॉवेलची घडी कोंबावी लागते.
टॉवेलला आमच्या गावात काय तोटा.

पहिला थर फुगला छान.
दुसरा अर्ध्यात असताना लाइट गेली.
मागच्या गल्लीतले माग एकदम थांबले
आणि सगळ्या पूर्व भागावर ती शांतता उतरली
जिच्यात नायना दचकून जागे होतात.
चाळीस वर्षं जॉबर. खडखडाटात गाढ झोपतात,
गप्प झालं की उठतात, ‘काय बिघडलं?’
‘लाइट गेली, नायना!’
‘काय?’
‘लाइट!’
‘मग ओरडतेस कशाला?’

दुसरा थर बसला. मधोमध खड्डा.
टाकून द्यायला हात होईना.
एक धागा तुटला म्हणून कुणी ताणा फेकतं का,
गाठ मारायची, पुढे विणायचं.
हे त्यांनी मला कधी शिकवलं नाही,
मी फक्त डबा द्यायला जायचे.
खड्ड्यात जास्तीचं क्रीम भरलं.

क्रीमबद्दल न बोललेलंच बरं.
बर्फाच्या पातेल्यात पातेलं, भोवती ओला पंचा,
हातानं फेटून फेटून खांदा भरून आला.
साखर कमी, चिकोरी जिभेच्या कडेला लागेल एवढीच.
तिसरा थर ठेवला तेव्हा सगळा डोलारा
डावीकडे कलला.
‘आई, हा पडतोय,’ श्रीहर्ष म्हणाला.
‘मग चारपर्यंत धरून बस.’

चारला नायना नवा बनियन घालून खुर्चीत.
तुकडा कापला, उभा ठेवला,
थर त्यांच्याकडे तोंड करून.
‘हे डिकॉक्शन, हे दूध, हा फेस.’
त्यांनी चष्मा वर ढकलला,
चादरीचा काठ चाचपावा तसं
बोट एकदा फिरवलं थरांवरून.
मग पेल्याखालची खोल वाटी पुढे ओढली,
तुकडा तिच्यात टाकला,
आणि कडक भाकरी आमटीत कुस्करतात
तसा चार बोटांनी कुस्करला.
वरून गरम कॉफी ओतली.

दोन दिवस, उसना ओव्हन, माझा खांदा,
तीन थर,
वाटीत एकच रंग.

मी काही बोलले नाही. बोलून ऐकूही गेलं नसतं.
ते चमच्यानं खात राहिले,
शेवटी वाटी तिरकी करून तळाचं प्यायले,
मिशी पुसली.
इतक्यात लाइट आली, माग सुरू झाले,
आणि त्या खडखडाटावरून
गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,
‘अजून एक दे.
गाठ मारलीयस ना मध्ये?
तिथला.’