एका हाराचा प्रश्न

अच्युत खांबेटे गेले बुधवारी,
आणि मालती आगटे त्याच्या पुढच्या मंगळवारी.
रामबागेत मंडळाच्या खोलीवर आम्ही सात जण जमलो,
सगळे सत्तरीच्या आसपासचे, सदू टकले वॉकर घेऊन,
आणि पहिलाच प्रश्न निघाला :
हार एक आणायचा की दोन?

कारण तीस वर्षं, दर पौषात,
सेंधव्याचा घाट चढून यायची त्यांची बस
आणि तीस वर्षं ती दोघं इंदूरला नवरा-बायको होती.
दर नाटकात आडनाव निराळं, संसार तोच.
ते पेपराआडून बोलायचे,
त्या डब्याचं झाकण आपटून उत्तर द्यायच्या,
आणि बाल्कनीत आमच्या आत्या-मावश्या
एकमेकींना कोपरानं ढोसायच्या : बघ, तुझे हेच.

जेवणाचं खातं माझ्याकडे.
पहिल्या वर्षी आईनं दोघांना शेजारी पाटावर बसवलं,
त्यांची खणानारळानं ओटी भरली, यांना टॉवेल-टोपी,
म्हणाली, असेच जोडीनं येत जा.
मला माहीत होतं. पत्रव्यवहार मीच करायचो.
यांचं पुण्यात घर, तीन मुलं.
त्यांचे मिस्टर नाशिकला बँकेत.
मी तोंड उघडणार तोच खांबेट्यांनी पाहिलं माझ्याकडे,
चुकीच्या जागी एन्ट्री घेतलेल्या पोराकडे पाहावं तसं,
आणि दोघांनी एकदमच वाकून नमस्कार केला.

मग ते दर वर्षीचंच झालं.
आई गेली त्या साली पाट मी मांडले,
ओटी भरायला घरात बाई नव्हती.
ताईंनी आपणहून पदर पुढे केला.
घाला तुम्हीच, म्हणाल्या, त्यांना पोचेल.
माझ्या हातून तांदूळ सांडले.
खांबेटे गुडघ्यांवर बसून दाणा दाणा वेचत राहिले.
स्टेजवर या माणसाला स्वतःची चप्पल सापडत नसे.

दोन हार, कुमुद पागे म्हणाल्या.
त्यांच्या घरची माणसं आहेत, बातमी छापून येते,
लोक काय म्हणतील.
मग फोटो निघाला. मंडळाच्या कपाटात एकच, स्मरणिकेतला,
भांडणाच्या प्रवेशाचा : दोघं पाठीला पाठ लावून,
तोंडं फुगलेली, नजर थेट आपल्याकडे.
कापायचा म्हटलं
तर यांचा खांदा जात होता, नाहीतर त्यांचा अंबाडा.
कात्री टेबलावर तशीच राहिली.
सदू म्हणाला, हौ, एकच आणा, पण मोठा आणा.

त्या प्रवेशात ती दोघं गप्प व्हायची.
किती वेळ, ते कुणी मोजलं नाही.
खोकला आलेला माणूस रुमाल तोंडात कोंबायचा.
बाहेर टेम्पो जायचा, आत नऊशे माणसं त्यांच्यासाठी थांबलेली.
मग खांबेटे मान न वळवता, अगदी हळू विचारायचे : चहा?
आणि थिएटर फुटायचं.

परवा आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो.
पागेबाईंनी घड्याळ धरलं होतं.
दोन झाली, त्यांनी सांगितलं नाही.
तीन झाली असावीत. कुणी बसेना.
सदूचे हात वॉकरवर थरथरत होते, तरी तो उभा,
आम्ही सगळेच फोटोकडे बघत,
जणू आता कुणाची तरी पाळी होती.

दार ढकललं गेलं.
खालच्या हॉटेलातला पोरगा, हातात किटली,
इतकी माणसं अशी गप्प उभी पाहून बावरला,
आणि अगदी हळू म्हणाला : चाय?

आधी पागेबाई हसल्या, डोळ्यांना पदर लावून.
मग सगळेच. मग कुणीतरी टाळी वाजवली,
आणि ती थांबेना.
पोरगा किटली घेऊन दारातच, आपलं काय चुकलं ते न कळून.

पडदा ओढायचं काम तीस वर्षं सदूकडे.
तो खुर्चीत बसला, हात मांडीखाली घालून,
आणि जागचा हलला नाही.