नळाचा रविवार

जालन्यात आमच्या मिशन कंपाउंडला
नळ अकराव्या दिवशी येतो, कधी बाराव्या.
यंदा अकरावा दिवस नेमका ईस्टरचा.

शनिवारी उन्हं कलल्यावर आई दफनभूमीत गेली.
आबांच्या कबरीला चुना मारला,
उरलेला शेजारच्या कबरीला.
तिच्यावरचं नाव झिजलंय, फक्त 'पटकीने' एवढं उरलंय.

रात्री अकराला रोझलिन खरात अंधारात उभी,
हातात न पेटवलेली मेणबत्ती.
फादरांनी दारात विस्तव केला तर वाऱ्यानं तीनदा विझवला.
शेवटी रिक्षावाल्या बेंजामिनच्या
विडीच्या काडीवर
त्यांचा पास्का उजळला.

लिझाम्मा सिस्टर केरळची,
पन्नास दिवस मासळी नाही, अंडं नाही.
गावाकडची पहाटे तीनची उपासना
वॉर्डात फोनवर बघत होती, आवाज बंद,
एक डोळा सलाईनच्या थेंबावर.
हळूच म्हणाली, उठला.
चार नंबरच्या खाटेनं विचारलं, कोण?

आमची साडेचारला.
पाळकसाहेब, पेटी, एकच झांज,
कबरींमधून वाट काढत पूर्वेकडं तोंड करून.
प्रभू उठला आहे!
खरोखर उठला आहे!
आणि भिंतीपलीकडून कुणीतरी, नळ आलाऽऽ

बाया चुळबुळल्या.
तिसरं कडवं जरा जलद झालं.

सुलभामावशी ईस्टर पाळत नाही.
तिची मंडळी विचारते, तारीख कुठं लिहिलीय दाखवा,
दर रविवार उठण्याचाच.
गेल्या वर्षी आईच्या करंज्या
डब्यासकट परत आल्या होत्या.

आम्ही परतलो तेव्हा फटफटलेलं.
ओट्यावर आमचे हंडे, रोझलिनचा ड्रम,
लिझाम्माची निळी बादली, कान तुटलेली,
काठोकाठ. वर फडकी बांधलेली.
मावशी पायरीवर पाइप गुंडाळत,
साडी गुडघ्यापर्यंत ओली.

आई म्हणाली, तुझा तर सण नाही.
"नाहीच. रविवार आहे."
पाइपातलं राहिलेलं पाणी
तिनं मोगऱ्याच्या डब्यात झटकलं.
मग मान वर न करता,
"काय गं, होता का तिथं?"

आई चप्पल काढत होती.
टाचेला चुना लागलेला.
"नव्हता," म्हणाली.
"सरक जरा, चहा टाकते."