अर्ज क्रमांक सात

इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं:
मेपल रस्ता, घर क्रमांक दोनशे बारा.
वारसा-यादीतून नाव कमी करण्याबाबत.
अर्जदार ऑर्फा लिंडक्विस्ट, वय एक्क्याऐंशी, स्वतः हजर.

बाहेर मिसिसिपी काठापासून काठापर्यंत गोठलेली,
नगरभवनाच्या तळघरात हीटर खोकत होता
आणि सातजणांची समिती
कागदी कपांतून कॉफी पीत होती.

नियम असा आहे, अध्यक्ष प्रुइट म्हणाले
(माणूस वाईट नाही; नियम वाचताना त्यांचा आवाज
दातांच्या डॉक्टरासारखा मऊ होतो):
ज्या गुणांमुळे घर यादीत आलं
ते गुण आता उरले नाहीत, हे तुम्ही दाखवून द्यायचं.
उतार हवा, दार रुंद हवं, ही झाली अडचण.
अडचण म्हणजे पुरावा नव्हे.

म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजायचे,
तेही माइकसमोर.

तिनं मोजले.
कोटाच्या खिशातली चिठ्ठी उलगडून
पोटच्या पोरीच्या खोडी सांगाव्यात
तशी खाली बघत वाचत गेली.
माडीवरच्या चार खिडक्या अॅल्युमिनियमच्या,
गारपिटीनंतर बसवलेल्या.
छपरावरचा पाटीचा दगड गेला, डांबर आलं.
मागची न्हाणी त्रेपन्न सालची, गुलाबी.
"गुलाबी," ती पुन्हा म्हणाली,
जणू एवढं एकच पुरे होतं.
कोणीतरी हसलं. ते मी लिहिलं नाही.

प्रुइटांनी फाइल उघडली.
"पण पुढच्या ओसरीचा कठडा?
इथं लिहिलंय: मूळचा, अठराशे एकोणनव्वद,
बहुधा एखाद्या जहाजी सुताराच्या हातचा,
सबंध काउंटीतला उत्तम नमुना."
फोटो हातोहात फिरला.
त्रेचाळीस गज, प्रत्येकावर
खालून वर चढत गेलेली वेल.

हे चिठ्ठीत नव्हतं.

मागच्या रांगेत, खरं तर रांगेच्या बाहेर,
चाकांच्या खुर्चीत एल्डन बसला होता.
गुडघ्यांवर टोपी, टोपीवर हात;
हल्ली त्या हातांना चमचाही जड होतो.
तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं,
विचारल्यासारखं.
त्यानं टोपी जराशी उचलली.

"तो ह्यानं केलाय," ती म्हणाली.
"पंच्याहत्तरच्या हिवाळ्यात. लाकडाची गिरणी बंद होती,
हाताला काम नव्हतं.
मूळचा कुजलेला, तो आम्ही शेगडीत जाळला.
हा चर्चच्या जुन्या बाकांतून.
डावीकडून अकराव्या गजावर वेल उलटी वळते.
त्या रात्री आमची ग्रेटा झाली.
तुमचे तज्ज्ञ आले तेव्हा सांगणारच होतो,
पण त्यांनी इतकं कौतुक केलं, आणि हा असा लाजला,
की राहूनच गेलं."

फोटो पुन्हा फिरला, ह्या वेळी सावकाश.
प्रत्येकाचे ओठ हलत होते.
कोणी नऊवर चुकलं, परत पहिल्यापासून सुरू केलं.

चार विरुद्ध तीन. नाव कमी.
कारणाच्या रकान्यात बोटभर जागा असते.
मी लिहिलं: कठडा मूळ नाही.
वाक्य बरोबर आहे. तरी त्या रात्री
गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडताना
ते मला दोनदा आठवलं.

एप्रिलअखेर त्या रस्त्यानं गेले.
ओसरीची डावी बाजू कापलेली,
तिथून अंगणापर्यंत पिवळ्या पाइनचा उतार, नवाकोरा.
अकरावा गज कुठं गेला, मी विचारलं नाही.
एल्डन उताराच्या मध्यावर थांबला होता, ब्रेक लावून,
फळ्यांवर वाकून काहीतरी न्याहाळत.
मला पाहून म्हणाला,
"खिळे बघा. सगळे वर आलेत.
असं काम करतात का?"